गॅरेट फोर्ट

गॅरेट फोर्ट (५ जून १९००, न्यू यॉर्क – २६ ऑक्टोबर १९४५, लॉस एंजेलस) हे अमेरिकन कथालेखक, नाटककार आणि हॉलिवूडमधील पटकथाकार होते. युनिव्हर्सल स्टुडिओच्या ड्रॅक्युला (१९३१) व फ्रँकेनस्टाईन (१९३१) या दोन भयपटांच्या पटकथांसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. मूकपटांच्या अखेरच्या वर्षांपासून दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपर्यंत, म्हणजे सुमारे दोन दशके, त्यांनी चित्रपटांसाठी लेखन केले. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून ते मेहेर बाबा यांचे अनुयायी होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जवळील मेहेराबाद हे मेहेर बाबांचे मुख्य ठिकाण. बाबांच्या नियोजित चित्रपटाशी फोर्ट यांचे नाव जोडले गेले आणि त्या संबंधातून ते नाशिकच्या आश्रमातही राहिले. तो चित्रपट पुढे कधीच तयार झाला नाही.

फोर्ट यांच्या कामाचे मूल्यमापन करताना एक अडचण नेहमी येते. त्यांच्या नावावरील बहुतेक महत्त्वाचे चित्रपट कादंबरी किंवा नाटकावर आधारित आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच चित्रपटांच्या लेखनात त्यांच्याबरोबर इतरांचाही वाटा आहे. मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद असे तीन वेगळे उल्लेख करण्याची पद्धत आहे. फोर्ट यांना कधी रूपांतराचे, कधी पटकथेचे, तर कधी केवळ मूळ कथेचे श्रेय मिळालेले दिसते. त्या काळी हॉलिवूडमध्ये एकाच संहितेवर पाळीपाळीने अनेक लेखकांना बसवले जाई आणि पडद्यावर कोणाचे नाव द्यायचे हे स्टुडिओ ठरवत असे. पटकथालेखकांची संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली तेव्हा श्रेय हा तिच्यापुढील एक प्रमुख प्रश्न होता. फोर्ट यांची सर्वांत गाजलेली दोन्ही कामे त्याआधीची आहेत.

मूकपट आणि रंगभूमी

फोर्ट यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. आरंभी त्यांनी लघुकथा लिहिल्या आणि १९२० च्या दशकात ते चित्रपटलेखनाकडे वळले. मूकपटाच्या लेखकाला संवाद लिहावे लागत नसत. दृश्यांची आखणी करणे आणि पडद्यावर अधूनमधून येणाऱ्या अक्षरपाट्यांसाठी जागा ठेवणे एवढेच त्याचे काम असे. प्रसंग शब्दांवाचून कळला पाहिजे ही त्या लेखनाची पहिली अट होती.

या काळातील त्यांचे दोन चित्रपट उल्लेखनीय आहेत. द यँकी क्लिपर (१९२७) या रुपर्ट ज्युलियन दिग्दर्शित चित्रपटात चीनहून बॉस्टनकडे चहा घेऊन निघालेल्या शिडाच्या जहाजांची शर्यत आहे. व्हाईट गोल्ड (१९२७) हा विल्यम के. हॉवर्ड यांचा चित्रपट त्याहून वेगळ्या प्रकृतीचा आहे. ॲरिझोनाच्या ओसाड मुलखातील मेंढपाळांच्या घरात लग्न होऊन आलेली एक नर्तकी, तिच्यावर अविश्वास दाखवणारा सासरा, मनाने दुबळा नवरा आणि एका रात्री घडलेला गोळीबार एवढ्याच सामग्रीवर तो उभा आहे. घटना थोड्या आणि ताण मोठा, अशी त्याची बांधणी आहे. फोर्ट यांच्यासह मॅरियन ऑर्थ आणि पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजलेले टे गार्नेट यांचे नाव त्याच्या लेखनाशी निगडित आहे. जेटा गौडल यांनी साकारलेल्या नायिकेच्या खरेपणावर घरातील कोणीच विश्वास ठेवत नाही, ही या चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना आहे.

रंगभूमीवर फोर्ट यांचे नाव जार्नेगन या नाटकामुळे झाले. जिम टली यांच्या कादंबरीवरून चार्ल्स बीहन आणि फोर्ट यांनी लिहिलेले हे नाटक १९२८ मध्ये ब्रॉडवेवर आले. हॉलिवूडमधील एक दांडगा, मद्यपी दिग्दर्शक त्याचा नायक आहे. चित्रपटसृष्टीचे आतले चित्र रंगवणाऱ्या या नाटकात रिचर्ड बेनेट यांची प्रमुख भूमिका होती आणि त्यांची कन्या जोन बेनेट यांचे ब्रॉडवेवरील पदार्पण याच नाटकातून झाले.

बोलपटाचा आरंभ

१९२७ नंतर दोन-तीन वर्षांतच अमेरिकन चित्रपट बोलू लागला आणि नाटक लिहिलेल्या लेखकांना एकाएकी मागणी आली. पॅरामाउंट कंपनीचा एक स्टुडिओ न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात ॲस्टोरिया येथे होता. ब्रॉडवेचे नट रात्री नाटक करीत आणि दिवसा तेथे चित्रीकरणाला येऊ शकत. फोर्ट यांच्या कारकिर्दीतील एक समृद्ध काळ या स्टुडिओशी जोडलेला आहे.

द लेटर (१९२९) हा सॉमरसेट मॉम यांच्या नाटकावरील चित्रपट फोर्ट यांच्या सहभागाने तयार झाला. मलायातील रबराच्या मळ्यावर राहणारी एक विवाहित इंग्रज स्त्री आपल्या प्रियकराला गोळ्या घालते आणि न्यायालयात स्वसंरक्षणाचा दावा करते, परंतु तिने लिहिलेले एक पत्र दुसऱ्याच स्त्रीच्या हाती असते. जीन इगल्स यांचा यातील अभिनय विशेष गाजला. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि ऑस्करसाठी त्यांचे नाव मरणोत्तर विचारात घेतले गेले. बायकोने झाडलेली गोळी आणि त्यामागचे खरे-खोटे हे सूत्र व्हाईट गोल्डमध्येही होते. मूकपटात ती बाई सांगते ते कोणी मानत नाही, तर बोलपटात ती सांगते ते खरे नसते.

ॲप्लॉज (१९२९) हा फोर्ट यांच्या आरंभीच्या बोलपटांतील सर्वांत महत्त्वाचा चित्रपट होय. बेथ ब्राउन यांच्या कादंबरीवरून त्यांनी त्याची पटकथा लिहिली. रंगभूमीवरून आलेले रुबेन मामुलियन यांचे हे पहिलेच चित्रपट-दिग्दर्शन होते. किटी डार्लिंग ही उतरत्या वयाची, हलक्या दर्जाच्या नाचगाण्याच्या कंपन्यांतून काम करणारी नटी आपल्या मुलीला या वातावरणापासून दूर ठेवण्यासाठी कॉन्व्हेंटमध्ये शिकवते. मुलगी परत येते तेव्हा आईचे जग तिच्यासमोर उघडे पडते. अखेरीस आई विष घेते. हेलन मॉर्गन यांनी ही भूमिका केली. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत ध्वनिमुद्रणाच्या सोयीसाठी कॅमेरा बंदिस्त पेटीत एका जागी बसवला जाई आणि नट मायक्रोफोनभोवती घुटमळत. मामुलियन यांनी कॅमेरा हलता ठेवला आणि एका दृश्यात दोन वेगवेगळे आवाज एकत्र मिसळून ऐकवले. या प्रयोगांचे श्रेय दिग्दर्शकाचे आहे, तरी मोजक्या संवादांवर चालणारी आणि शहराच्या आवाजाला जागा देणारी संहिता त्याला अनुकूल ठरली असे म्हणता येते. चित्रपटाला त्या वेळी फारसे प्रेक्षक लाभले नाहीत. आज मात्र तो आरंभीच्या बोलपटांतील एक श्रेष्ठ कृती मानला जातो.

याच सुमारास फोर्ट यांनी द लेडी लाइज (१९२९), रोडहाउस नाइट्स (१९३०) आणि मॉरिस शेवालिए यांचा द बिग पाँड (१९३०) यांच्या लेखनात भाग घेतला. हे तिन्ही चित्रपट होबार्ट हेन्ली यांनी दिग्दर्शित केले. शेवटच्या चित्रपटाच्या लेखनात पुढे विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून कीर्ती मिळवलेले प्रेस्टन स्टर्जिस यांचाही वाटा होता.

ड्रॅक्युला

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ मधील कादंबरीचे हॅमिल्टन डीन यांनी इंग्लंडमध्ये नाट्यरूपांतर केले होते. जॉन एल. बाल्डरस्टन यांनी ते अमेरिकन रंगभूमीसाठी सुधारले आणि १९२७ मध्ये ब्रॉडवेवर ते यशस्वी झाले. युनिव्हर्सलच्या कार्ल लेमली (धाकटे) यांनी त्यावरून चित्रपट काढण्याचे ठरवले. आरंभी लुई ब्रॉमफील्ड या कादंबरीकाराकडे संहितेचे काम देण्यात आले होते. अंतिम पटकथेवर फोर्ट यांचे नाव आहे. दिग्दर्शन टॉड ब्राउनिंग यांचे, छायालेखन कार्ल फ्रॉइंड यांचे आणि शीर्षकभूमिका रंगमंचावर ती आधीच गाजवलेल्या बेला लुगोसी यांची होती.

कादंबरी आणि नाटक यांच्यामध्ये पटकथेने वाट कशी काढली हे पाहण्यासारखे आहे. नाटकाचा सारा भाग लंडनमध्ये घडतो, ट्रान्सिल्व्हेनियातील वाडा त्यात नाही. चित्रपटाने तो आरंभाला परत आणला आणि प्रेक्षकांच्या मनात राहिलेली दृश्ये बहुतेक याच भागातील आहेत: खिंडीतून जाणारी घोडागाडी, पडके जिने, कोळ्याचे जाळे आणि मेणबत्ती हाती धरून उभा असलेला उमराव. कादंबरीत ड्रॅक्युलाच्या वाड्यावर जोनाथन हार्कर हा तरुण वकील जातो, चित्रपटात मात्र रेनफील्ड जातो. कादंबरीत हा रेनफील्ड वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण आहे आणि त्याला वेड का लागले याचे कारण वाचकाला हळूहळू अंदाजाने कळते. चित्रपटात ते कारण प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर घडते. एक पात्र वाचवून दोन कथानके एकत्र बांधण्याचा हा बदल नंतरच्या काही रूपांतरांनीही उचलला. चित्रपटाचा उत्तरार्ध मात्र नाटकाच्या फार जवळ राहतो. दिवाणखान्यात बसून माणसे बाहेर काय घडले ते एकमेकांना सांगतात. ही उणीव समीक्षकांनी वारंवार दाखवली आहे आणि ती मान्य करावी लागते.

चित्रपट १२ फेब्रुवारी १९३१ रोजी न्यू यॉर्कच्या रॉक्सी चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट झळकला तो त्यानंतर महिनाभराने, १४ मार्च १९३१ रोजी. त्या वेळी अमेरिकेतही सर्व चित्रपटगृहांत ध्वनियंत्रणा नव्हती, म्हणून ड्रॅक्युलाची एक मूक आवृत्तीही वितरित करण्यात आली. शिवाय त्याच सजावटीवर, रात्रीच्या पाळीत, जॉर्ज मेलफर्ड यांच्या दिग्दर्शनाखाली वेगळे नट घेऊन स्पॅनिश आवृत्ती चित्रित झाली आणि तिचा आधार फोर्ट यांचीच पटकथा होती. एकाच संहितेची दोन दिग्दर्शकांनी केलेली दोन रूपे शेजारी ठेवून पाहण्याची ही दुर्मीळ सोय आहे. स्पॅनिश आवृत्ती लांबीने मोठी आणि कॅमेऱ्याच्या हालचालींत अधिक धीट आहे. त्यामुळे ब्राउनिंग यांच्या चित्रपटातील काही संथपणा संहितेचा नसून दिग्दर्शनाचा असावा, असा तर्क या तुलनेवरून करता येतो.

ड्रॅक्युलामध्ये पार्श्वसंगीत जवळजवळ नाही आणि लांबलांब शांतता आहेत. मूकपटाच्या सवयी अजून सुटलेल्या नव्हत्या हे त्याचे एक कारण. भीतीच्या दृष्टीने मात्र ही शांतता चित्रपटाला लाभदायकच ठरली.

फ्रँकेनस्टाईन

ड्रॅक्युलाच्या यशानंतर युनिव्हर्सलने मेरी शेली यांच्या कादंबरीकडे मोर्चा वळवला. येथेही कादंबरी आणि चित्रपट यांच्यामध्ये एक नाटक होते. पेगी वेब्लिंग यांच्या इंग्रजी नाटकाचे बाल्डरस्टन यांनी अमेरिकन रंगभूमीसाठी केलेले रूप स्टुडिओच्या हाती होते. पहिला खर्डा फ्रेंच दिग्दर्शक रोबेर फ्लोरे आणि फोर्ट यांनी तयार केला. प्रसंगांची रचना मुख्यतः फ्लोरे यांची आणि संवाद फोर्ट यांचे, अशी त्यातील वाटणी सामान्यतः सांगितली जाते. फ्लोरे यांनी लुगोसींना घेऊन ड्रॅक्युलाच्या सजावटीवर चाचणी-चित्रीकरणही केले. नंतर हा विषय इंग्लंडहून आलेल्या जेम्स व्हेल यांच्याकडे सोपवण्यात आला. फ्लोरे बाजूला झाले, लुगोसींच्या जागी बोरिस कार्लोफ आले आणि पटकथेवर फ्रान्सिस एडवर्ड फॅरागो यांनी पुढचा हात फिरवला. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतींवर पटकथेचे श्रेय फोर्ट आणि फॅरागो यांना आहे, फ्लोरे यांचे नाव त्यात नाही.

या हस्तांतरात नेमके कोणाचे काय उरले हा चित्रपट-इतिहासकारांचा जुना वाद आहे. शेवटी पेटणारी पवनचक्की ही फ्लोरे यांची कल्पना मानली जाते. कादंबरीत नसलेला आणि चित्रपटाच्या कथेची दिशा ठरवणारा गुन्हेगाराच्या मेंदूचा प्रसंगही आरंभीच्या खर्ड्याकडे बोट दाखवतो. या मेंदूच्या प्रसंगाने मोठे नुकसान केले असे अनेकांचे मत आहे. शेली यांच्या कादंबरीत तो जीव जन्मतः दुष्ट नाही, त्याला टाकून दिल्यामुळे तो क्रूर होतो. मेंदूच बिघडलेला होता असे म्हटले की निर्मात्यावरची जबाबदारी हलकी होते. व्हेल आणि कार्लोफ यांनी अभिनयातून ती पुन्हा उभी केली. तळ्याकाठी लहान मुलीबरोबर फुले पाण्यात सोडणारा तो धिप्पाड जीव पाहताना प्रेक्षकाला मेंदूच्या बरणीची आठवण होत नाही.

हा चित्रपट नोव्हेंबर १९३१ मध्ये प्रदर्शित झाला. एकाच वर्षी आलेल्या या दोन चित्रपटांनी अमेरिकन भयपटाची चौकट घातली आणि फोर्ट यांच्यावर भयपटाचे लेखक असा शिक्का बसला.

१९३२ ते १९३६

पुढच्या पाच वर्षांत फोर्ट वेगवेगळ्या स्टुडिओंसाठी लिहीत राहिले. आरकेओसाठी त्यांनी एडगर वॉलेस यांच्या कथेवरील बिफोर डॉन (१९३३) या चित्रपटाच्या लेखनात भाग घेतला. जॉन फोर्ड यांच्या द लॉस्ट पेट्रोल (१९३४) या चित्रपटाचे रूपांतर त्यांचे, तर पटकथा डडली निकोल्स यांची आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात भटकलेली एक ब्रिटिश तुकडी आणि न दिसणारा शत्रू यांची ही गोष्ट आहे. तुकडी कोठे जायची होती हे फक्त अधिकाऱ्याला ठाऊक असते आणि तो सुरुवातीलाच मारला जातो. ही सुरुवात मूळ कादंबरीतलीच, तरी पडद्यावर ती फार प्रभावी झाली आहे.

१९३६ मध्ये त्यांचे दोन भयपट आले. ड्रॅक्युलाज डॉटर या चित्रपटाच्या संहितेला सेन्सॉरच्या नव्या नियमांमुळे बरीच वळणे घ्यावी लागली. बाल्डरस्टन आणि आर. सी. शेरिफ यांनी आधी केलेले खर्डे बाजूला पडून फोर्ट यांची पटकथा स्वीकारली गेली. बापाकडून आलेल्या रक्ततृष्णेतून सुटण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची मदत मागणारी उमरावकन्या ही त्याची नायिका. तिला हे जगणे नको आहे. या एका बदलामुळे चित्रपट त्या मालिकेतील इतर चित्रपटांहून वेगळा ठरतो. द डेव्हिल-डॉल हा टॉड ब्राउनिंग यांचा चित्रपट गाय एन्डोर आणि एरिक फॉन श्ट्रोहाइम यांच्यासह फोर्ट यांनी लिहिला. त्यात लायोनेल बॅरीमोर यांनी म्हातारीच्या वेशात वावरणाऱ्या फरारी कैद्याची भूमिका केली आहे.

मेहेर बाबा, नाशिक आणि न झालेला चित्रपट

मेहेर बाबा (मेरवान शेरियार इराणी, १८९४–१९६९) यांचा जन्म पुण्यातील इराणी कुटुंबात झाला. १९२३ मध्ये ते अहमदनगरच्या दक्षिणेस सुमारे नऊ किलोमीटरवरील अरणगावजवळ, पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या लष्करी छावणीच्या जागी आले. या ठिकाणाला मेहेराबाद असे नाव मिळाले. दौंड–मनमाड लोहमार्ग या जागेतून जातो आणि मार्गापलीकडे मेहेराबादची टेकडी आहे. १० जुलै १९२५ रोजी येथेच बाबांनी मौन धारण केले आणि ते अखेरपर्यंत पाळले. १९२७ पासून ते इंग्रजी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून आपले म्हणणे व्यक्त करीत आणि जवळचे कोणी ते मोठ्याने वाचून दाखवी. १९५४ मध्ये त्यांनी ही फळीही सोडली आणि केवळ हातवारे ठेवले.

बाबा १९३१ पासून युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यांवर जाऊ लागले. १९३२ मध्ये ते हॉलिवूडला गेले. तेथे मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स यांच्या पिकफेअर या निवासस्थानी त्यांच्यासाठी स्वागतसमारंभ झाला आणि चित्रपटक्षेत्रातील मंडळींसाठी त्यांचा संदेश वाचण्यात आला. लोकांच्या मनाला वळण देण्याची मोठी शक्ती या माध्यमात आहे असा त्याचा आशय होता. १९३४ च्या अखेरीस ते पुन्हा हॉलिवूडमध्ये होते. या भेटींमागे चित्रपटाची एक निश्चित योजना होती. सृष्टीची उत्पत्ती, जीवांची उत्क्रांती, पुनर्जन्म आणि आत्म्याचा परतीचा प्रवास हे सारे एका चित्रपटातून दाखवावे अशी बाबांची इच्छा होती.

हा विषय हॉलिवूडपर्यंत पोहोचण्यात नोरिना मॅचाबेली यांचा मोठा वाटा होता. मारिया कार्मी या नावाने त्या युरोपच्या रंगभूमीवर प्रसिद्ध होत्या आणि माक्स राइनहार्ट यांच्या द मिरॅकल या नाटकात त्यांनी मॅडोनाची भूमिका केली होती. त्या नाटकाचे लेखक कार्ल फोलमोलर हे त्यांचे पहिले पती. द ब्ल्यू एंजल (१९३०) या जर्मन चित्रपटाच्या लेखनात फोलमोलर यांचा सहभाग होता आणि बाबांच्या चित्रपटाच्या आराखड्यावरही त्यांनी काम केले. पुढे बर्नार्ड शॉ यांच्या नाटकांवर चित्रपट काढणारे निर्माते गॅब्रिएल पास्कल यांचाही बाबांशी याच काळात संबंध आला. फोर्ट बाबांच्या सहवासात आले ते याच वर्तुळातून.

१९३६ च्या अखेरीस बाबांच्या निमंत्रणावरून युरोपीय व अमेरिकन अनुयायांचा एक गट नाशिकला आला. तेथे त्यांच्यासाठी आश्रम उभारण्यात आला होता. फोर्ट या गटात होते. नेमक्या याच वर्षी त्यांचे दोन चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झालेले होते, म्हणजे ते काम सुटलेले लेखक नव्हते, चालू कारकीर्द थांबवून आलेले होते. आश्रमातील दिनक्रम ध्यान, लेखन आणि नेमून दिलेली कामे असा होता. बाबा तेव्हा नाशिकखेरीज अहमदनगर जिल्ह्यातील राहुरी येथेही जात असत. तेथे १९३६ मध्ये मनोरुग्णांसाठी आश्रम सुरू करण्यात आला होता आणि त्यांना आंघोळ घालण्याचे काम बाबा स्वतः करीत.

पडद्यासाठी संवाद लिहून नाव मिळवलेला लेखक अकरा वर्षांहून अधिक काळ न बोललेल्या माणसाचे म्हणणे पटकथेत कसे उतरवणार होता, हा प्रश्न या प्रसंगी मनात आल्यावाचून राहत नाही. विषय मुळातच दृश्यात मावणारा नव्हता. फोर्ट यांचे कसब होते ते इतरांनी लिहिलेली गोष्ट घट्ट करण्यात, पात्रे कमी करण्यात आणि ताण वाढवण्यात. येथे पात्र एकच होते, आत्मा, आणि त्याची गोष्ट युगानुयुगांची. अनेक लेखकांचे हात लागूनही चित्रपट चित्रीकरणापर्यंत गेला नाही.

महाराष्ट्रात त्याच महिन्यांत घडत असलेल्या दोन गोष्टी येथे नोंदवण्याजोग्या आहेत. डिसेंबर १९३६ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा संत तुकाराम प्रदर्शित झाला. शिवराम वाशीकर यांची पटकथा, दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीस यांची भूमिका असलेल्या या चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. आध्यात्मिक विषय पडद्यावर कसा आणावा याचे उत्तर नाशिकपासून दोनशे किलोमीटरवर, पुण्यात तयार झालेले होते. आणि ज्या नाशिकमध्ये फोर्ट राहत होते त्याच नाशिकमध्ये दादासाहेब फाळके यांचे घर होते. त्यांचा एकमेव बोलपट गंगावतरण १९३७ मध्येच आला.

नाशिकचा आश्रम १९३७ मध्ये बंद झाला. बाबा पाश्चात्त्य अनुयायांसह फ्रान्समधील कान येथे गेले आणि १९३८ मध्ये यांतील काही जण मेहेराबादच्या टेकडीवर राहण्यास आले. फोर्ट अमेरिकेत परतले.

उत्तरकाळ

परतल्यानंतर फोर्ट यांना काम मिळत राहिले. रिपब्लिक पिक्चर्सच्या झीरो अवर (१९३९) या चित्रपटाची पटकथा त्यांची आहे. द मार्क ऑफ झोरो (१९४०) हा मामुलियन यांचा चित्रपट. अकरा वर्षांपूर्वी ॲप्लॉजमध्ये एकत्र आलेले दिग्दर्शक आणि लेखक येथे पुन्हा भेटतात. पटकथा जॉन टेन्टर फूट यांची असून रूपांतराचे श्रेय फोर्ट आणि बेस मेरेडिथ यांना आहे. टायरन पॉवर आणि बॅझिल रॅथबोन यांचे तलवारयुद्ध आजही नमुनेदार मानले जाते.

१९४१ आणि १९४२ मधील तीन चित्रपट फोर्ट यांच्या मूळ प्रवृत्तीला अधिक जवळचे आहेत. लेडीज इन रिटायरमेंट (१९४१) मध्ये आपल्या दोन भ्रमिष्ट बहिणींना छप्पर मिळावे म्हणून एक सहचरी मालकिणीचा खून करते. आयडा लुपिनो यांनी ती भूमिका केली. मूळ नाटकाच्या दोन लेखकांपैकी रेजिनाल्ड डेनम यांच्यासह फोर्ट यांनी त्याची पटकथा लिहिली. अमंग द लिव्हिंग (१९४१) मध्ये जुळ्या भावांपैकी एक वर्षानुवर्षे घरात कोंडून ठेवलेला वेडा आहे. पटकथा लेस्टर कोल आणि फोर्ट यांची. स्ट्रीट ऑफ चान्स (१९४२) मध्ये, डोक्याला मार लागून शुद्धीवर आलेल्या माणसाला आपल्या आयुष्यातला एक मोठा तुकडा आठवत नाही आणि त्या विसरलेल्या काळात त्याच्यावर खुनाचा आळ आलेला असतो. कॉर्नेल वूलरिच यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट पुढे फिल्म न्वार म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रवाहाच्या आरंभीच्या नमुन्यांत गणला जातो. येथे राक्षस नाहीत, पण घरात लपवलेले काहीतरी आहेच.

१९४५ मध्ये द मॅन इन हाफ मून स्ट्रीट आणि ब्लड ऑन द सन हे त्यांच्या नावाशी संबंधित चित्रपट आले. दुसरा चित्रपट जपानच्या युद्धपूर्व विस्तारवादी योजनेचा शोध घेणाऱ्या अमेरिकन वार्ताहराविषयी असून जेम्स कॅग्नी त्याचे नायक आहेत. त्याची कथा फोर्ट यांची आणि पटकथा लेस्टर कोल यांची. या चित्रपटाला कृष्णधवल गटातील कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. पारितोषिक जाहीर झाले तेव्हा फोर्ट हयात नव्हते. २६ ऑक्टोबर १९४५ रोजी झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. ते ४५ वर्षांचे होते.

नंतरची दखल

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून जतनासाठी निवडल्या जाणाऱ्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत फोर्ट यांनी लिहिलेल्या चार चित्रपटांचा समावेश झाला आहे: फ्रँकेनस्टाईन (१९९१), ड्रॅक्युला (२०००), ॲप्लॉज (२००६) आणि द मार्क ऑफ झोरो (२००९). चित्रपटविषयक लेखनात त्यांचे नाव बहुधा ब्राउनिंग, व्हेल, मामुलियन किंवा फोर्ड यांच्या चर्चेत ओझरते येते, स्वतंत्र अभ्यासाचा विषय म्हणून क्वचितच.

बाबांच्या अनुयायांनी लिहिलेल्या आठवणींत फोर्ट यांचा उल्लेख नाशिकच्या गटातील लेखक म्हणून येतो. फोर्ट परतल्यानंतर मेहेराबादला आलेल्या पाश्चात्त्यांमध्ये स्वित्झर्लंडच्या चित्रकार हेलेन डाम होत्या. त्यांनी टेकडीवरील घुमटाच्या आतल्या भिंती रंगवल्या. १९६९ मध्ये मेहेर बाबांचा देह याच घुमटाखाली ठेवण्यात आला. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला अरणगावला येणारे भाविक समाधीचे दर्शन घेताना ही चित्रे पाहतात.